फोटोशॉप-इलस्ट्रेटर परवडत नाही, तर उपयोजित कला शिकायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीएफए (ललित कलेची पदवी), उपयोजित कलेचे पहिले वर्ष. लॅपटॉप आय-थ्री, ८ जीबी रॅमचा. कॉलेजात अ‍ॅडोबी कंपनीची फोटोशॉप (फोटोंसाठी), इलस्ट्रेटर (रेषाचित्रांसाठी) आणि इनडिझाइन (पानांच्या मांडणीसाठी) शिकवतात, पण घरी सराव करायला दर महिन्याचे भाडे झेपत नाही. लॅपटॉप दुरुस्त करणारा म्हणतो, "पाचशे रुपयांत सगळं टाकून देतो, लाइफटाइम." यापेक्षा बरा, पण खिशाला परवडणारा मार्ग आहे का?

मार्ग आहेत, आणि एकाहून जास्त आहेत. त्यातला तुमच्यासाठी कोणता, हे तीन गोष्टींवर ठरते: कॉलेज मान्यताप्राप्त आहे का, तिथे कोणत्या प्रकारचा परवाना घेतला आहे, आणि तुमची फाइल शेवटी कुणाच्या हातात जाते. छपाईवाल्याच्या, मोबाइलच्या पडद्यावर, की सरांच्या पेनड्राइव्हमध्ये? बहुतेक विद्यार्थी या शेवटच्या मुद्द्याचा विचारच करत नाहीत आणि वर्गात जे नाव कानावर पडले तेच सॉफ्टवेअर घरीही हवे म्हणून अडून बसतात.

आधी त्या 'लाइफटाइम'चा निकाल लावू. अ‍ॅडोबीने कायमस्वरूपी परवान्यावर विकलेली शेवटची मालिका म्हणजे २०१२ची सीएस-सिक्स. २०१३ पासून फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या भाड्यानेच. त्यामुळे आजची आवृत्ती कुणी 'लाइफटाइम' म्हणून विकत असेल तर ती एक तर क्रॅक, म्हणजे परवान्याचे कुलूप फोडलेली प्रत असते, किंवा कुठल्या तरी संस्थेच्या खात्यातली जागा परस्पर विकलेली असते. दुसऱ्या प्रकारात चार-सहा महिन्यांनी त्या संस्थेचा प्रशासक तुमचे नाव काढून टाकतो आणि खात्यात क्लाउडवर ठेवलेल्या फाइलीही त्यासोबत जातात. क्रॅक बसवताना पहिली सूचना असते 'अँटिव्हायरस बंद करा'. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम याच दारातून आत येतात. कायद्याचे म्हणाल तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-बी नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी त्यात तरतूद आहे. कमाईसाठी वापर नसेल तर न्यायालय कैद वगळून फक्त दंडावर सोडू शकते. विद्यार्थ्याच्या घरी कुणी धाड घालत नाही, हे खरे. पण क्रॅकवर काम करायची सवय घेऊन तुम्ही उद्या एखाद्या स्टुडिओत गेलात, तर तिथल्या मालकाला ती महागात पडू शकते.

आता कॉलेजकडे वळा. प्रयोगशाळा सहायकाला एकच प्रश्न विचारा: इथला परवाना 'शेअर्ड डिव्हाइस' प्रकारचा आहे की 'नेम्ड युजर'? पहिला संगणकाला चिकटलेला असतो, म्हणजे लॅबमध्ये बसूनच काम. दुसरा विद्यार्थ्याच्या नावाचा असतो. त्यात कॉलेजच्या ईमेलने घरच्या लॅपटॉपवरही लॉगिन होऊ शकते. नेम्ड युजर परवाना घेतला आहे पण विद्यार्थ्यांना सांगितलेच नाही, असे अगदी शक्य आहे. तो नसेल तर निदान लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते ते विचारून ठेवा. आठवड्याला चार तास लॅबमध्ये आणि बाकीचे घरी मोफत साधनांवर, एवढ्यावर पहिली दोन वर्षे आरामात निघतात.

विद्यार्थी सवलतीचा अ‍ॅडोबी प्लॅन घ्यायचाच झाला तर त्याचा हिशेब नीट समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. जाहिरातीत मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो महिन्याचा असतो, पण करार वर्षाचा असतो. त्या आकड्याला १२ ने गुणा, १८ टक्के जीएसटी त्यात धरला आहे का ते पहा, आणि पहिल्या वर्षानंतरचा दर बारीक अक्षरात शोधा. तो बहुधा वाढलेला असतो. पहिल्या १४ दिवसांत रद्द केले तर पैसे परत मिळतात. त्यानंतर रद्द केले तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणजे चार महिने वापरून सोडले, तर उरलेल्या आठाचे निम्मे धरून एकूण आठ महिन्यांचे पैसे गेले. सात दिवसांची मोफत चाचणीसुद्धा कार्ड घेऊनच सुरू होते आणि आठव्या दिवशी आपोआप सशुल्क प्लॅनमध्ये बदलते. चाचणी सुरू केली की त्याच क्षणी मोबाइलमध्ये सहाव्या दिवसाचा गजर लावा.

एक पर्याय सहसा कुणी तपासत नाही. शेवटच्या सत्रात पोर्टफोलिओसाठी दोनच महिने आणि एकच सॉफ्टवेअर लागणार असेल, तर महिन्या-महिन्याने भरायचा एका अ‍ॅपचा प्लॅन सवलतीशिवायही वर्षभराच्या करारापेक्षा एकूण स्वस्त पडू शकतो. दोन्ही रकमा कागदावर मांडा, मगच कार्ड काढा.

सवलतीसाठी 'तुम्ही विद्यार्थी आहात' हे सिद्ध करावे लागते, आणि आपल्याकडच्या मुलांचे अर्ज फेटाळले जाण्याची कारणे ठरलेली आहेत. कॉलेजचा ईमेल असेल तर काम सोपे. तो नसेल तर ओळखपत्र, बोनाफाईड किंवा चालू वर्षाची फीची पावती अपलोड करायची असते. त्यावर तीन गोष्टी स्पष्ट दिसायला हव्यात: पूर्ण नाव, संस्थेचे नाव आणि चालू शैक्षणिक वर्ष दाखवणारी तारीख. आपल्या कॉलेजांची ओळखपत्रे आडनाव आधी छापतात: आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. अर्जात मात्र तुम्ही नाव आधी आणि आडनाव शेवटी भरता, आणि तपासणी करणाऱ्याला दोन वेगळी माणसे दिसतात. फर्स्ट नेमच्या रकान्यात स्वतःचे नाव, लास्ट नेमच्या रकान्यात आडनाव भरा; वडिलांचे नाव पूर्ण वगळा. बोनाफाईडवरही याच क्रमाने नाव टाकून द्यायला कारकुनाला सांगा. ओळखपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी बोनाफाईड लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्या. कॉलेजचे नाव यादीत सापडले नाही तर विद्यापीठाच्या नावाने शोधून पहा. आणि हे प्रवेश घेण्याआधीच कळलेले बरे: गल्लीतल्या ग्राफिक्स-अ‍ॅनिमेशन क्लासला शासन किंवा विद्यापीठाची मान्यता नसेल, तर त्याच्या ओळखपत्रावर ही सवलत मिळत नाही.

पैसे भरायच्या आधी आणखी एक. ८ जीबी रॅमवर फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर एकत्र उघडले की लॅपटॉप धापा टाकतो, मग परवाना कितीही अस्सल असो. वर्षाच्या भाड्याची रक्कम हातात असेल तर माझा सल्ला असा की तुमच्या मॉडेलमध्ये रॅमची मोकळी खाच आहे का ते पहा. असेल तर १६ जीबी करा, आणि अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. हा खर्च एकदाच होतो.

आता मोफत साधने. इथे २०२५ च्या ऑक्टोबरपासून चित्र बरेच बदलले आहे. अ‍ॅफिनिटी हे पूर्वी विकत मिळणारे सॉफ्टवेअर आता कॅनव्हाच्या मालकीचे आहे आणि विंडोज व मॅकवर मोफत झाले आहे. कॅनव्हाचे साधे मोफत खाते लागते. पैसे फक्त एआयच्या सुविधांना लागतात, आणि त्यांच्याशिवाय शिक्षणाचे काहीच अडत नाही. व्हेक्टर (कितीही मोठे केले तरी न फाटणारे रेषाचित्र), फोटो आणि पानांची मांडणी या तिन्ही गोष्टी एकाच प्रोग्रॅममध्ये आहेत, सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) आहे, पीडीएफ-एक्स (छपाईसाठीची पीडीएफ) निघते, पीएसडी (फोटोशॉपची फाइल) उघडते. इंग्रजी कामासाठी आज पहिली निवड मी हीच सांगेन.

पण तुम्ही मराठीत काम करणार. अ‍ॅफिनिटीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये देवनागरीची जोडाक्षरे मोडून पडत. म्हणून कुठलेही सॉफ्टवेअर, महाग असो वा मोफत, हाती घेतल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हे शब्द टाइप करून पहा: विद्यार्थिनी, स्त्री, द्वंद्व, कर्तृत्व, दऱ्या, शृंगार, हृदय. ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी बसला का, रफार योग्य अक्षरावर गेला का, 'दऱ्या'मधला अर्धा र चंद्रकोरीसारखा दिसतो की पाय मोडका, 'द्व' जोडला का, हे बघा. एकही शब्द फसला तर त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर लावायचा नाही. ही चाचणी अ‍ॅडोबीलाही लावा, कारण मूळ सेटिंगमध्ये तीही नापास होऊ शकते. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली 'शो इंडिक ऑप्शन्स' सुरू करावे लागते. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनलमधून 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडावा लागतो, आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये टाइपच्या प्रेफरन्समध्ये मजकुराचे इंजिन 'वर्ल्ड-रेडी' करावे लागते. 'फोटोशॉपमध्ये मराठी तुटतं' या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढेच असते.

इंकस्केप हे मोफत व्हेक्टर सॉफ्टवेअर या चाचणीत उत्तीर्ण होते, आणि म्हणून मराठी अक्षरांकन, बोधचिन्हे, मुखपृष्ठे यांच्यासाठी इलस्ट्रेटरच्या जागी मी तेच सुचवतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे इंकस्केपचे धडे मराठी आवाजातही आहेत, तेही फुकट. त्याची मोठी उणीव अशी की ते आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) काम करते, सीएमवायकेत नाही. पडद्यासाठी, फ्लेक्ससाठी याने फारसे बिघडत नाही. ऑफसेट छपाईला मात्र बिघडते, आणि का ते समजून घ्या. आरजीबीतला शुद्ध काळा सीएमवायकेत बदलताना चारही शाईंचे मिश्रण होतो. बारीक मजकूर चार प्लेटांवर विभागला गेला आणि एखादी प्लेट केसभर सरकली, की प्रत्येक अक्षराच्या कडेला निळसर-लालसर सावली दिसते. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा, म्हणजे सी, एम, वाय शून्य आणि के १०० असाच हवा.

यावर इलाज म्हणजे इंकस्केपसोबत स्क्रायबस. इनडिझाइनची जागा घेणारे हे मोफत सॉफ्टवेअर सीएमवायके, स्पॉट रंग (वेगळ्या तयार शाईचे), पीडीएफ-एक्स सगळे करते आणि १.६ आवृत्तीत देवनागरीही नीट जुळवते. क्रम असा ठेवा. इंकस्केपमध्ये फक्त चित्र आणि अक्षरांकन करा. अक्षरांकन पक्के झाले की पाथ मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, पण आधी टाइप केलेली मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. एकदा रेषा झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. एसव्हीजी (इंकस्केपची व्हेक्टर फाइल) जतन करा. स्क्रायबसमध्ये नवीन दस्तऐवज तयार मापाचा घ्या, ए-४ असेल तर २१० बाय २९७ मिमी, आणि चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) द्या. पार्श्वभूमीचा रंग २१६ बाय ३०३ मिमीपर्यंत पसरवा. फाइल मेनूतून इंपोर्ट, 'गेट व्हेक्टर फाइल'ने चित्र आणा. एडिट मेनूतल्या रंगांच्या यादीत आयात झालेले रंग दिसतील, ते एकेक करून सीएमवायकेत बदला. मुख्य मजकूर स्क्रायबसमध्येच टाइप करा आणि त्याला वर सांगितलेला एकशाई काळा द्या. पीडीएफ काढताना आउटपुट 'प्रिंटर' निवडा, दस्तऐवजाचे ब्लीड वापरण्याची खूण करा. त्याआधी आउटपुट प्रिव्ह्यू उघडून काळी शाई सोडून बाकीच्या तीन शाया चालू ठेवा: मजकूर दिसेनासा झाला तर बरोबर, अजून दिसत असेल तर तो चार शाईंत गेला आहे.

इंकस्केपमधले धूसर परिणाम आणि फिल्टर स्क्रायबसमध्ये नीट येत नाहीत. तेवढा भाग तयार मापात ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) पीएनजी करून आणा.

फॉन्टच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे मुक्ता, बलू, मोदक हे खुल्या परवान्याचे आहेत, छपाईला आणि कमाईच्या कामालाही चालतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील, जे हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात, तर 'तिरो देवनागरी मराठी' घ्या. छपाईवाल्याकडून आलेला मजकूर मात्र अनेकदा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात असतो. तो तुमच्याकडे उघडला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. दोष तुमच्या सॉफ्टवेअरचा नसतो. मजकूर युनिकोडमध्ये मागा किंवा परिवर्तकातून काढा, आणि नंतर मुद्रितशोधन करा, कारण परिवर्तनात रफार हमखास हरवतात.

छपाईवाला कोरलड्रॉ वापरतो म्हणून तुम्ही ते विकत घ्यायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या फ्लेक्स आणि पत्रिकांच्या दुकानांत सीडीआर (कोरलड्रॉची) फाइल चालते हे खरे, पण मजकूर रेषांत बदललेली पीडीएफ त्यांनाही चालते. दहा बाय चार फुटांचा फ्लेक्स प्रत्यक्ष मापात ७२ डीपीआयला ८६४० बाय ३४५६ पिक्सेल होतो. तुमचा लॅपटॉप तेवढे पेलतो. ३०० डीपीआयचा हट्ट धरलात तर फाइल सतरापट फुगेल आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला फरक कळणारही नाही. उलट दिशेने, दुकानाची सीडीआर तुम्हाला उघडायची असेल तर इंकस्केपमध्ये कधी उघडते, कधी अर्धी उघडते. तिथे 'पीडीएफ करून द्या' म्हणणेच शहाणपणाचे.

फोटोशॉपच्या जागी गिम्प आणि फोटोपी जोडीने ठेवा. गिम्प ३.० मार्च २०२५ मध्ये आले आणि त्यात फिल्टर नंतर बदलता येतात, जे आधी जमत नव्हते. फोटोपी ब्राउझरमध्ये चालते, जाहिराती दाखवते, पण सरांनी दिलेली पीएसडी स्तरांसह उघडण्यात ते गिम्पपेक्षा बरे. रेखाटन-रंगकामासाठी क्रिटा. तेच स्टीमवर आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर पैसे घेऊन मिळते, ती देणगी समजा. मूळ संकेतस्थळावर ते मोफत आहे. अ‍ॅप आणि संकेतस्थळांच्या डिझाइनला फिग्मा शिकाच: विद्यार्थी म्हणून पडताळणी झाली की व्यावसायिक प्लॅनच्या सुविधा विनामूल्य मिळतात. व्हिडिओला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती उत्तम, पण ८ जीबीवर ती रडवेल. तोवर केडेनलाइव्ह. त्रिमितीला ब्लेंडर, त्यात दुसरा विचारच नको.

आर्किटेक्चर, इंटिरियर किंवा प्रॉडक्ट डिझाइनला असणाऱ्यांसाठी दोन ओळी. ऑटोडेस्क ही कंपनी ऑटोकॅड, रेव्हिट, माया, थ्रीडीएस मॅक्स विद्यार्थ्यांना पूर्ण मोफत देते, एकेका वर्षासाठी, दरवर्षी पुन्हा पडताळणी करून. मात्र तो परवाना कमाईच्या कामाला चालत नाही. रायनोचा विद्यार्थी परवाना एकदाच पैसे भरून कायमचा मिळतो आणि त्यावर व्यावसायिक कामही करता येते. आधी ९० दिवसांची चाचणी आहे, तेवढ्यात एक पूर्ण प्रकल्प होतो.

राहिला प्रश्न सरांचा: 'एआय फाइलच (म्हणजे इलस्ट्रेटरची मूळ फाइल) जमा करा' म्हणणाऱ्यांचा. इंकस्केप इलस्ट्रेटरची फाइल उघडू शकते, जर ती जतन करताना 'पीडीएफ कंपॅटिबल' खूण केलेली असेल तर. त्या प्रकारात जतन मात्र करू शकत नाही. घरचे काम पीडीएफ म्हणून न्या, कारण एसव्हीजी इलस्ट्रेटरमध्ये उघडताना माप बदललेले निघू शकते. लॅबमध्ये ती पीडीएफ इलस्ट्रेटरमध्ये उघडा, स्तरांना नावे द्या, रंग स्वॉचमध्ये आणा आणि तिथून जतन करा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि इलस्ट्रेटरवर हातही बसत राहतो. विषयाच्या गुणपत्रकात त्या सॉफ्टवेअरचीच प्रात्यक्षिक परीक्षा असेल तर परीक्षेआधीचा महिना सरावासाठी लॅबमध्येच बसा. शॉर्टकट बोटांत बसायला तेवढे दिवस लागतात.

आणि शिक्षण संपण्याच्या दोन महिने आधी, सवलत किंवा मोफत खाते चालू असतानाच, सगळ्या फाइली क्लाउडवरून स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवा. प्रत्येक महत्त्वाच्या कामाची मूळ फाइल, मजकूर शाबूत असलेली एक पीडीएफ आणि मजकूर रेषांत बदललेली दुसरी पीडीएफ अशा तीन प्रती ठेवा. इनडिझाइनच्या कामाची आयडीएमएल (इतर प्रोग्रॅमना उघडता येणारी प्रत) ही काढून घ्या, म्हणजे पुढे अ‍ॅफिनिटीत ती उघडता येईल.